जिम्नी उंच करण्याआधी
डिचोली तालुक्यात कारापूरच्या आडवाटांवर, पावसाळी चिखलात जिम्नी न्यायची तर आधी टायर ठरवा, मग लिफ्ट. लिफ्टने चासी आणि बॉडी वर जाते. अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. त्याला उचलतो मोठा टायरच.

मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी, २३५/७५ आर १५चा ७३३. व्यास ४० मिमीने वाढला तरी गोळ्याखाली मिळतात २०च. शिवाय स्पीडोमीटरने ६० दाखवले, तर खरा वेग ६३च्या वर, पिकअपही मंदावतो.

टायर घासू नये इतकीच लिफ्ट घ्या. कॅस्टर कोन, ब्रेक होजची लांबी तपासा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतले बदल मर्यादित करते, म्हणून आरटीओत आधी विचारा.