दिवाळखोरीतून जनरल मोटर्स सावरली कशी?

बंगळुरू : अमेरिकेत जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारने सुमारे ४९.५ अब्ज डॉलरचे साह्य देऊन नव्या कंपनीत साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेतला. उपयुक्त मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली, बरीचशी जुनी देणी मूळ कंपनीतच राहिली. सरकारी साह्य आणि या विभागणीच्या मदतीने ती सावरली आणि २०१० मध्ये शेअर बाजारात परतली. डिसेंबर २०१३ मध्ये सरकार बाहेर पडले, तेव्हा सुमारे ३९ अब्ज डॉलरच वसूल झाले होते. तूट करदात्यांनी सोसली.

भारतात मात्र कंपनीने २०१७ मध्ये विक्री थांबवली. पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद होऊन कामगारांचा रोजगार गेला. बंगळुरूतील तांत्रिक केंद्र विक्री थांबल्यानंतरही सुरू राहिले.