फायबर घरात आलं, पण गेम उतरेना

काचेच्या बारीक तारेतून येणारं इंटरनेट आता खेडोपाडी पोचू लागलं आहे. ग्रामपंचायती अशा तारेनं जोडण्याची योजना केंद्र सरकारनं २०११ साली मंजूर केली. पुढं तिचंच नाव ‘भारतनेट’ झालं. तार घरात आली की मुलं पहिल्यांदा काय करतात? एखादा मोठा गेम डाउनलोड करायला लावतात. रात्र सरते, तरी तो उतरत नाही. मग वडीलमंडळी एक तर कंपनीला दोष देतात, नाहीतर दरमहा जादा पैसे भरून मोठा प्लॅन घेतात. पुष्कळदा पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं. म्हणून खिशाला हात घालण्यापूर्वी दोष कुठं आहे, ते शोधावं कसं, एवढंच आज पाहू.

आधी थोडं गणित. शिक्षकांनी हे वर्गात जरूर घालावं. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये; गेमचं वजन मात्र बाइटमध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिटचा प्लॅन असला, तर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. ५० गिगाबाइटचा गेम असेल तर ४००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटं लागणार. प्लॅन ३० मेगाबिटचा असेल, तर तोच गेम पावणेचार तास घेईल. पडद्यावर १२ हा आकडा पाहून “शंभराचे बारा कसे झाले?” म्हणून भांडायला जाऊ नये, बरं का! ते बारा मेगाबाइट आहेत. हिशेब बरोबर आहे.

हिशेबापेक्षा वेग फारच कमी असेल, तर तपासणी सुरू करावी. शेताच्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नसलं, की आपण लगेच धरणाला दोष देत नाही. पाट कुठं फुटला, ते आधी पाहतो. इथंही तसंच करायचं. राऊटरपासून संगणकापर्यंत साधी लॅनची केबल जोडा आणि वेग मोजून पाहा. त्या वेळी घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही बंद ठेवा. केबलवर पूर्ण वेग मिळाला, तर काचेची तार निर्दोष आहे. दोष घरातल्या वाय-फायचा आहे. राऊटर कपाटात किंवा जाड भिंतीआड असेल, तर तो उघड्यावर, उंच जागी आणा. वाय-फायच्या दोन पट्ट्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी दूरवर पोचते, पण हळू चालते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण भिंती तिला अडवतात. संगणक जवळच असेल, तर दुसरी निवडावी.

प्लॅन १०० मेगाबिटहून मोठा आहे, पण वेग बरोबर शंभराच्या आसपास अडतो, असं दिसलं तर केबल तपासा. तिच्यात आठ बारीक तारा असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या चारच पुरतात. त्यापुढं आठही शाबूत लागतात.

वेग मोजला तर चांगला येतो, पण गेमच तेवढा रखडतो, असंही होतं. अशा वेळी संगणकाची डिस्क पाहा. गेम दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखा येतो. तो सोडून मांडताना जुनी डिस्क दमते, आणि तोवर डाउनलोड थांबून राहतं. ‘स्टीम’सारख्या गेमच्या दुकानात वेगाला मर्यादा घातलेली नाही ना, तेही पाहावं. माल कोणत्या ठिकाणच्या साठ्यातून घ्यायचा, हेही तिथल्या सेटिंगमध्ये बदलता येतं.

केबल लावूनही वेग कमीच असेल, तर सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीन दिवस आकडे वहीत टिपा. रात्रीच वेग पडत असेल, तर गर्दीचा संशय घ्यावा. महिनाअखेरीसच पडत असेल, तर प्लॅनमधला ठरावीक डेटा संपला असेल. त्यानंतर कित्येक कंपन्या वेग कमी करतात. काचेची तार खिळ्यापाशी काटकोनात मुडपली असेल, तर प्रकाश तिथं झिरपतो. पण ती आपण उपसू नये, आणि तिच्या टोकात डोकावून तर कधीच पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. कंपनीचा माणूस बोलवावा, वही दाखवावी आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. “नेट चालत नाही” या तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार आकड्यांना वजन असतं.

शेवटी एक घरगुती गोष्ट. तार एक आणि तोंडं अनेक. संध्याकाळी एकानं गेम लावला, की दुसऱ्याचा अभ्यासाचा पाठ अडखळतो. गेम रात्री सगळे निजल्यावर लावावा. सकाळी तो तयार असेल, आणि मोठ्या प्लॅनचे पैसेही वाचतील.