टेप घालणं सोपं, काढणं अवघड

ऑपरेशन चालू असताना डॉक्टर म्हणतात, "आता जोरात खोका." लघवी गळण्यावर स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडलेल्या पद्धतीत हे ठरलेलंच होतं. बाई जागी, भूल तेवढ्याच भागाला. मूत्राशयात मुद्दाम पाणी भरलेलं. मूत्रमार्गाखालून घेतलेली सेंटीमीटरभर रुंद पॉलिप्रोपिलीनच्या जाळीची टेप खोकल्याच्या अंदाजानं बसवायची, ताणायची मात्र नाही. ताणली तर लघवीच अडते.

शिंकताना, हसताना किंवा बादली उचलताना पोटात दाब वाढतो. बाळंतपणांनी मूत्रमार्गाखालचा आधार सैलावला असेल, तर त्या दाबाला तो पुरा पडत नाही आणि लघवी गळते. टेप हा आधार परत देते. 'लागली की धरवतच नाही' हे दुखणं वेगळं, त्यावर टेपचा इलाज नाही.

टेपच्या आधी डॉक्टर बर्च यांची १९६१ ची शस्त्रक्रिया होती. पोट उघडून योनीची भिंत टाक्यांनी वर, ओटीपोटाच्या हाडामागच्या बंधाला टांगायची. टेपनंतर बाई त्याच दिवशी घरी. मग जगभर टेपच झाली, यात नवल नाही.

जाळीच्या छिद्रांत पेशी वाढतात, म्हणूनच टेप टिकते. आणि त्याच कारणानं ती काढणं जिकिरीचं होतं. काहींच्या योनीत तिची कड उघडी पडली, काहींच्या वेदना थांबेनात. इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये तिचा वापर रोखून धरला. याची चौकशी करणाऱ्या, २०२० च्या कंबरलेज अहवालातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच: तक्रार घेऊन गेलेल्या बायकांचं कुणी मनावरच घेतलं नव्हतं. अमेरिकेने २०१९ मध्ये विक्री थांबवली ती मात्र अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या जाळीची. या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

म्हणून टेप वाईट, असं मी म्हणणार नाही. बहुतेकींना तिचा गुण येतो. पण आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान तीन महिने व्हायला हवेत. चार दिवस करून सोडलेले धरायचे नाहीत. पुढे मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया सहसा लांबवतात. टेप नकोच असेल तर पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाची स्वतःचीच पट्टी काढून तिचा स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाखालचा आधाराचा पट्टा, करता येतो. चीर मोठी, बरं व्हायला वेळ, सुरुवातीला लघवी अडण्याची शक्यताही जास्त. पण परकी वस्तू अंगात राहत नाही. टेपच्या सुगीत ही कामं करणारे हात कमी झाले. तेव्हा गेल्या वर्षी अशा किती केल्या, हे सर्जनला सरळ विचारावं.