कंटेनरमधला ‘लोकलहोस्ट’ नेमका कुणाचा?

लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारं वेब ॲप डॉकरच्या कंटेनरमध्ये टाकलं की अनेकदा पहिलाच निरोप येतो: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. डेटाबेस तर शेजारच्या कंटेनरमध्ये सुरू असतो! गोम पत्त्यात असते. प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क वेगळं. त्यामुळे आतून ‘लोकलहोस्ट’, म्हणजे १२७.०.०.१, गाठायला गेलं की ॲप स्वतःच्याच कंटेनरमध्ये शोधत बसतं. पोस्टग्रेस डेटाबेस तिथे नसतोच.

डॉकर कंपोज दोन्ही कंटेनरना एका नेटवर्कवर आणतं आणि डॉकरचा अंतर्गत डीएनएस सर्व्हिसच्या नावावरून पत्ता काढून देतो. म्हणून होस्टच्या जागी सर्व्हिसचं नाव लिहायचं, उदाहरणार्थ ‘डीबी’. पोर्ट नेहमीचाच, ५४३२.

तरीही अडलं, तर ॲप घाई करतंय का, ते पाहा. कंपोजमधलं नुसतं ‘डिपेंड्स ऑन’ डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतं; डेटाबेस तयार होईपर्यंत थांबवायचं तर ‘हेल्थचेक’ची अट जोडावी लागते.