कसोटी आणि जिव्हाळा

एखाद्या माध्यमिक शाळेच्या आवारात तुम्ही पहिल्यांदाच पाऊल टाकले, तर ती शाळा कशी आहे हे तुम्ही कशावरून ओळखाल? इमारत पाहून काही अंदाज बांधता येतो. भिंतींवर सुवाच्य अक्षरांत सुभाषिते लिहिलेली असतात, कपाटात ढाली नि पेले मांडलेले असतात, शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची नावे फळ्यावर रंगविलेली असतात. ही सारी शोभा चांगलीच. परंतु तिच्यावरून शाळेची खरी पारख होत नाही. त्यासाठी एखाद्या वर्गाच्या दाराशी उभे राहावे आणि कोणी विद्यार्थी चुकीचे उत्तर देईपर्यंत वाट पाहावी. तो चुकल्यानंतरच्या चारपाच क्षणांत वर्गात जे घडते, त्यात ती शाळा सापडते.

एखाद्या वर्गात लगेच हशा पिकतो. एखाद्या वर्गात शिक्षक म्हणतात, ‘बरं, असू दे,’ आणि दुसऱ्या मुलाकडे वळतात. क्वचित एखादा वर्ग असा असतो की, तेथे कोणी हसत नाही आणि ‘असू दे’ असेही कोणी म्हणत नाही. चुकलेल्याला पुन्हा उभे केले जाते, कोठे चुकले ते त्याच्याच तोंडून काढून घेतले जाते, आणि बरोबर उत्तर येईपर्यंत साऱ्या वर्गाला थांबावे लागते. पहिल्या वर्गात जिव्हाळा नाही, हे उघड आहे. दुसऱ्या वर्गात तो आहे असे भासते. पण तेथेही तो नाही, असे माझे मत आहे.

मी आठवीत असतानाची एक गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात एका वाडीवरचा मुलगा नव्यानेच दाखल झाला होता. दोन कोस चालत तो शाळेला येई. गणितात त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नव्हता. आम्ही वही उघडीपर्यंत त्याचा हिशेब तोंडीच सुटलेला असे. एके दिवशी मराठीच्या तासाला प्रकट वाचनाची पाळी त्याच्यावर आली. पहिल्याच वाक्यात ‘पाणी’ हा शब्द होता. त्याने तो ‘पानी’ असा वाचला. कारण त्याच्या वाडीत, त्याच्या घरी, त्याच्या आईच्या तोंडी तो शब्द तसाच होता. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. शिक्षकांच्याही ओठांवर हसू आले आणि त्यांनी त्याला हातानेच खाली बसण्याची खूण केली. त्या दिवसापासून तो गणिताच्या तासालासुद्धा हात वर करीनासा झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकावरची त्याची जागा रिकामीच राहिली. तो का आला नाही, याची चौकशी आमच्यापैकी कोणीही केली नाही. त्याच्या घरची काही अडचणही असेल. पण आमच्या हसण्याचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे म्हणण्याचे धैर्य मला अजूनही होत नाही.

त्या हशाने एका मुलाचे मन दुखावले, हे तर खरेच. पण त्याने आणखीही काही केले. शिकणे म्हणजे जे येत नाही ते करून पाहणे होय. आणि जो करून पाहतो, तो प्रथम चुकणारच. नाकातोंडात पाणी गेल्यावाचून कोणी पोहायला शिकलेला नाही. ज्या वर्गात चुकीची किंमत सर्वांसमक्ष मान खाली घालून मोजावी लागते, त्या वर्गातली मुले एक युक्ती लवकर शिकतात: पुरती खात्री असल्यावाचून तोंड उघडायचे नाही. मग हळूहळू वर्गात पाचसहाच हात वर होऊ लागतात, आणि तेही नेहमीचेच. शिक्षकांना वाटते, वर्ग किती शांत आहे! वस्तुतः तो भ्यालेला असतो. आमच्या वर्गातील सर्वांत चांगले गणित जाणणारा मुलगा गप्प झाला, तेव्हा आमच्या गणिताची पातळीही खाली आली. फक्त ती आम्हांला दिसली नाही.

आता ‘असू दे’ म्हणणाऱ्यांकडे वळू. समजा, एका मुलाने निबंध लिहिला आहे. त्याची परिस्थिती बिकट आहे, घरी आई आजारी आहे, हे शिक्षकांना ठाऊक आहे. निबंधात चुका पुष्कळ आहेत. परंतु बिचाऱ्याला आणखी त्रास कशाला, असे मनात आणून ते एकाही चुकीवर खूण करीत नाहीत आणि शेवटी ‘ठीक’ असा शेरा लिहितात. त्यांचा हेतू वाईट नाही. पण मुलाने त्या शेऱ्याचा काय अर्थ घ्यावा? ‘तुझ्याकडून याहून अधिक होणार नाही’, एवढाच अर्थ त्यातून निघतो. आणि मुले असला अर्थ फार चटकन ओळखतात. याउलट, तीच वही जागोजाग तांबड्या खुणा होऊन परत आली आणि खाली लिहिलेले असले की, ‘दुसरा परिच्छेद उद्या मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून पुन्हा लिही’, तर? त्या मुलाला क्षणभर वाईट वाटेल. तथापि आपल्या विश्रांतीची अर्धी घटका जे शिक्षक त्याच्यासाठी बाजूला काढतात, त्यांना तो परिच्छेद चांगला व्हायला हवा आहे आणि तो चांगला होईल याची त्यांना खात्रीही आहे, हे त्याला कळल्यावाचून राहत नाही. कसोटी कडक ठेवावी आणि तिला उतरण्यासाठी लागणारी मदत हात आखडता न घेता द्यावी. यांतील एक गोष्ट सोडली, तर दुसरीचाही उपयोग होत नाही.

हे बोलायला सोपे आहे. पण शाळेत ते प्रत्यक्ष कसे उतरते? महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात याची दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात.

‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिणारे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. अमळनेर हे खानदेशातील, बोरी नदीच्या काठचे गाव. गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे, आणि हा तर अहिराणीचा मुलूख. तेथे पुढे त्यांच्याकडे छात्रालयाची जबाबदारी आली. छात्रालयातील शिस्त म्हटली की दंड आणि दटावणी, असाच त्या काळी सर्वसाधारण समज होता. गुरुजींनी निराळी वाट धरली. एखाद्या खोलीत अंथरुणे पसरलेली आहेत, केर साचला आहे, मळके कपडे कोपऱ्यात पडले आहेत, असे दिसले, तर ते कोणाला हाक मारीत नसत. मुले शाळेत गेली म्हणजे ते स्वतः खोली झाडून काढीत, वस्तू जागच्या जागी ठेवीत, कपडे धुऊन वाळत घालीत. कोणी आजारी पडला, तर त्याच्या उशाशी बसून त्याची शुश्रूषा करीत. रागावणाऱ्या शिक्षकांना चुकविण्याच्या शंभर युक्त्या मुलांपाशी असतात. पण आपले धोतर धुऊन घडी करून ठेवणाऱ्या शिक्षकांना चुकवावे तरी कसे? मुले वरमली आणि आपली कामे आपणच करू लागली.

हा उपाय सर्वांनाच साधेल, असे मला वाटत नाही. दुसऱ्या एखाद्याने तो केला असता, तर फुकटचा गडी मिळाला म्हणून मुले खुशाल लोळत राहिली असती! गुरुजींना तो साधला, याचे कारण त्यांनी आपला मानदंड कधी खाली आणला नाही. ‘मुलेच ती, खोली थोडी अस्वच्छ असली तर चालेल’, असे ते म्हणाले नाहीत. खोली स्वच्छच असली पाहिजे. प्रश्न एवढाच होता की, प्रथम केरसुणी कोणी हाती घ्यावी. अभ्यासाच्या बाबतीतही त्यांची तीच दृष्टी होती. मुलांना पाठ्यपुस्तकापलीकडचे जग कळावे म्हणून त्यांनी छात्रालयासाठी एक दैनिक सुरू केले. ते छापलेले नव्हते. गुरुजी ते स्वतः हाताने लिहून काढीत. शाळेतील अध्यापन आणि छात्रालयाची देखभाल सांभाळून रोज असे लिहिणे म्हणजे किती कष्टाचे काम, याची कल्पना एक आठवडाभर नियमाने रोजनिशी लिहून पाहिलेल्या मुलालाच येईल. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. १९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेण्यासाठी त्यांनी शाळा सोडली. म्हणजे शाळेतील त्यांचा काळ अवघा सहा वर्षांचा; परंतु ‘गुरुजी’ हे नाव त्यांना जन्मभर पुरले.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची नि धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीला बसून जेवत. ज्या काळी पाणवठेसुद्धा वेगळे असत, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने, आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रदेखील मोडले.

एवढी माया ज्या घरात होती, तेथे मुलांचे लाड होत असतील, असे तुम्हांला वाटेल. तसे नव्हते. भाऊरावांची मुले शेतात खपत, पाणी भरत, भाकऱ्या थापीत आणि मग अभ्यासाला बसत. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हीच तेथील रीत ठरली. गरीब मुलाला फुकट शिकविले, तर तो उपकाराच्या ओझ्याने वाकतो. त्याच्याकडून श्रम घेतले, तर तो ताठ मानेने शिकतो, हे भाऊरावांनी ओळखले होते. ‘तू गरीब आहेस’ हे त्यांनी मुलाला कधी विसरू दिले नाही, आणि ‘म्हणून तू कमी आहेस’ हे कधी मानू दिले नाही. त्यांच्या हाताखाली वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अशी मोठी माणसे सर्वच शाळांच्या वाट्याला येत नाहीत. तेव्हा सामान्य शाळेने काय करावे? नियम करावेत, असे कोणी म्हणेल. आणि काही नियम हवेतच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु शिक्षकांच्या हातची छडी गेली, तरी मुलांच्या जिभेवरची छडी शिल्लकच राहते. नव्या मुलाला ठेवलेले टोपणनाव, डब्यात काय आहे हे पाहून मुरडलेले नाक, नापास झालेल्याकडे पाहून केलेली खूण, यांवर कोणत्या कलमाचा अंमल चालणार? तेथे वर्गातली रीतच उपयोगी पडते. नव्या मुलाशेजारी पहिल्या दिवशी कोण बसतो, आजारी पडलेल्याची वही कोण पुरी करून देतो, खेळात ज्याला झेल साधत नाही त्याला संघात कोण घेतो, यांवरून ती रीत पडते. शिक्षक ती सुरू करू शकतात. चालविणे मात्र विद्यार्थ्यांच्याच हाती असते. वर्गात पहिला येणारा मुलगा मागे पडलेल्याला गणित समजावून देतो, तेव्हा तो उपकार करीत असतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ‘हे असेच का?’ या मित्राच्या प्रश्नाला उत्तर देताना त्याचे स्वतःचेच गणित पक्के होत असते. हा लाभ त्याने गुपचूप पदरात पाडून घ्यावा, त्याला माझी हरकत नाही!

आता मी स्वतः मराठी शिकवितो. वर्षाच्या आरंभी मी मुलांना एवढेच सांगतो की, घरी जी बोली बोलली जाते ती आपली आहे, तिला हसायचे नाही. आणि पुस्तकातला पाठ मात्र पुस्तकात आहे तसाच वाचायचा, त्यात सूट मिळणार नाही. मागच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात एक मुलगी वाचीत होती. ऊसतोडणीला जाणाऱ्या आईबापांबरोबर गावोगाव हिंडून ती आमच्याकडे आली होती. तिने ‘पानी’ असे वाचले. मागच्या बाकावर कोणाचे तरी ओठ हलले आणि शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले. मी म्हणालो, ‘पुन्हा वाच.’ तिने पुन्हा तसेच वाचले. मी जीभ टाळूला कोठे लावायची ते दाखविले. सारा वर्ग थांबला होता. दोघीतिघी तर आपल्याही जिभा टाळूला लावून पाहत होत्या. तिसऱ्या वेळी ‘ण’ नीट उमटला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. बोट सरकविले आणि पुढची ओळ वाचायला घेतली.