मावळातला विद्यार्थी आणि विद्यापीठाची रंगभूमी

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव, आणि वेल्हे हा तोरणा-राजगडांच्या छायेतला, अलीकडे राजगड हेच नाव पावलेला तालुका. मावळच्या या मुलखात प्रयोगकलेची परंपरा नाही असे जो म्हणेल, तो तेथील हरिनाम सप्ताहास कधी बसलेला नसावा, किंवा गावजत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत जागलेला तरी नसावा. नीरा आणि गुंजवणी यांच्या खोऱ्यांत वाण आहे ती कलेची नव्हे, तिच्या पद्धतशीर अध्ययनाची. आणि ती पुरी करू शकणारी जवळची संस्था म्हणजे पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्र.

1949 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने 1987 मध्ये नृत्य, संगीत आणि नाट्य यांना एका छत्राखाली आणून हे केंद्र काढले व त्याच्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द जोडला. नाटक विद्यापीठात शिकवावे काय, हा वाद तेव्हा जुना झालेला होता. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने नाट्यकलेचा पदवी अभ्यासक्रम 1914 मध्येच सुरू केला होता, आणि दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून चालू होते.

केंद्राच्या इतिहासात 1996 ते 2009 हा सतीश आळेकरांच्या प्रमुखपदाचा काळ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जीवरसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केलेल्या या नाटककाराने 1974 च्या ‘महानिर्वाण’ नाटकात मेलेल्या भाऊरावांनाच कीर्तनास उभे केले. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतून आलेला विद्यार्थी हे नाटक वाचावयास बसतो, तेव्हा शहरी सहाध्यायांना नवलाचा वाटणारा तो घाट त्याच्या कानांच्या ओळखीचा असतो. कीर्तनकार पडदा नसता, नेपथ्य नसता, केवळ स्वर बदलून आणि उपरण्याचा शेव सावरून क्षणात राजा होतो, क्षणात याचक होतो आणि पुन्हा निरूपणकार होऊन श्रोत्यांशी बोलू लागतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. पण त्यात श्वासाचा हिशेब आहे, नजरेची दिशा आहे, टाळकऱ्यांना द्यावयाचा इशारा आहे, हे त्याला प्रथमच उमगते ते तालमीच्या जागेत. भक्तीच्या भरात जे सहज वाटले ते कमावलेले कौशल्य होते, हे कळणे हाच या शिक्षणाचा मोठा लाभ आहे.

केंद्रातला सहभाग म्हणजे केवळ भूमिका मिळणे नव्हे. ज्याच्या वाट्यास या प्रयोगात नायकाचे काम आले, त्याने पुढच्या प्रयोगात दिव्यांच्या तारा ओढाव्या, चौकटींना खिळे ठोकावे, विंगेत संहिता घेऊन बसावे, ही या विद्येची शिस्त आहे. आणि शेतीच्या घरातून आलेल्या मुलाला या श्रमांचा संकोच नसल्यामुळे तो येथे लवकर रुळतो, असे माझे मत आहे. त्याचा संकोच असतो तो बोलीचा. वाचिक अभिनयाच्या तासाला उच्चार शुद्ध करणे अवश्यच आहे, कारण नटाला अनेक भाषा बोलाव्या लागतात. परंतु त्या भरात मावळची बोली त्याच्या जिभेवरून कायमची पुसली गेली, तर रंगभूमीचीच हानी होते. ती बोली ज्याच्या कानात आहे, त्यानेच या खोऱ्यांतील माणसांची, भाटघर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींची नाटके लिहावी.

भोरच्या राजवाड्यात चित्रपटांच्या तुकड्या येतात, चित्रीकरण उरकतात आणि निघून जातात. त्याच वाड्याच्या चौकात दरसाल एक तरी विद्यार्थी-प्रयोग व्हावा, आणि दुसरा वेल्ह्यास मेंगाईच्या देवळापुढे व्हावा, अशी तजवीज विद्यापीठाने व तालुक्यांच्या कारभाऱ्यांनी मिळून करावी. अंतर साठ-सत्तर किलोमीटरांचे. खर्च एका बसचा आणि रात्रीच्या जेवणाचा. आणि प्रेक्षक मात्र असे, की कीर्तनकाराचा एक सूर ढळला तरी ज्यांच्या तो तत्क्षणी ध्यानात येतो.