यादीतली एक ओळ की सगळ्या?

सकाळी ९.३०
लखनौच्या गोमतीनगरात, विभूती खंडात आमचं ऑफिस. आल्या आल्या रात्रभर चाललेल्या टेस्टचा निकाल उघडते. हॉस्पिटलच्या बिलांचे विमादावे तपासायचे नियम आम्ही ड्रूल्समध्ये लिहितो. २००१ मध्ये सुरू झालेलं हे ओपन सोर्स रूल इंजिन, मुळाशी चार्ल्स फोर्जी यांचा रेटे अल्गोरिदम. आज एक टेस्ट लाल आहे.

१०.१५
नियम साधा आहे: दोन हजारांवरचं औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय असेल तर दावा थांबवा. समोरच्या बिलात दोनच ओळी. खोलीभाडं ४,००० रुपये. औषध ९०० रुपये, प्रिस्क्रिप्शनसकट. तरी दावा थांबला!

नियम उघडला. तीन अटी तीन वेगळ्या ‘एग्झिस्ट्स’मध्ये, म्हणजे ‘अशी निदान एक ओळ आहे का?’ या तीन सुट्या प्रश्नांत. औषधाची ओळ आहे का? आहे. दोन हजारांवरची ओळ आहे का? आहे, खोलीभाडं. प्रिस्क्रिप्शन नसलेली ओळ? तीही आहे, कारण खोलीभाड्याला कुठलं प्रिस्क्रिप्शन! तिन्ही अटी खऱ्या, पण वेगवेगळ्या ओळींवर. तिन्ही एकाच कंसात, एकाच ओळीवर आणल्या आणि टेस्ट हिरवी झाली. अशा चुकीने थांबलेल्या दाव्यामागे डिस्चार्जसाठी काउंटरवर ताटकळणारं कुटुंब असतं, म्हणून हा तास मला दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१२.००
दुसरा नियम, रुग्णाला पत्र पाठवण्याचा. ‘एग्झिस्ट्स’ न लावता यादीतून ओळी काढणारं नुसतं ‘फ्रॉम’ वापरलं की जुळणाऱ्या प्रत्येक ओळीला नियम एकेकदा चालतो. तीन औषधं जुळली तर एकाच रुग्णाला तीन पत्रं. दुरुस्त केलं.

२.३०
टीममधला नवा मुलगा विचारतो, “मॅम, यादीवरच्या अटींचा सराव कशावर करू?” मी त्याला भातखंड्यांचं नाव सांगते. १९२६ मध्ये पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने याच शहरात मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज ते कैसरबागेतलं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. त्यांच्या पद्धतीत शिकवले जाणारे रागाचे नियम म्हणजे स्वरांच्या यादीवरच्या अटीच आहेत. किमान पाच स्वर हवेत. षड्ज वर्ज्य चालत नाही. मध्यम आणि पंचम दोन्ही एकदम वर्ज्य चालत नाहीत.

तो टाइप करतो. भूपाली: सा रे ग प ध. मध्यम नाही, पण पंचम आहे, पास. मालकंस: सा ग म ध नि. पंचम नाही, मध्यम आहे, पास. मग सा रे ग ध नि: संख्या पुरेशी, षड्ज आहे, तरी नापास. तो खूश होतो.

“आता यादीतला प्रत्येक स्वर शुद्ध आहे का, एवढंच विचार. आणि यादी रिकामी दे.”

उत्तर ‘खरं’ येतं. तो चक्रावतो. पण तर्काने ते बरोबरच आहे: नियम मोडणारा एकही स्वर त्यात नाही. यादीतल्या प्रत्येकाला अट लागू आहे का हे तपासणारं जावाचं ‘ऑलमॅच’ही हेच उत्तर देतं. मात्र ‘प्रत्येक ओळ मंजूर असेल तर दावा मंजूर’ हा नियम एकही ओळ नसलेल्या बिलालाही मंजुरी देईल. म्हणून आधी यादी रिकामी नाही ही अट, मग ‘प्रत्येक ओळ’ तपासणारं ड्रूल्सचं ‘फोरऑल’.

४.३०
बिलातल्या ओळीची रक्कम बदलली, पण नियम पुन्हा तपासला गेला नाही. यादीच्या आत झालेला बदल इंजिनला आपोआप कळत नाही. ‘मॉडिफाय’ने बिल बदलल्याचं त्याला सांगावं लागतं.

६.००
सगळ्या टेस्ट हिरव्या. नियम लिहून देणाऱ्या मंडळींना मेल टाकते, आणि तुम्हीही कुठे असे नियम लिहून देत असाल तर तुम्हालाही तीच विनंती: अट एखाद्या ओळीवर आहे, प्रत्येक ओळीवर आहे की सगळ्या अटी एकाच ओळीवर आहेत, हे स्पष्ट लिहा. आणि यादी रिकामी आली तर काय करायचं, तेही लिहा.